चोवीस तासांचं इन्सुलिन सुरू करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकोल्यातल्या एका क्लिनिकमध्ये मी मधुमेह समुपदेशक आहे. डॉक्टर चिठ्ठीवर ‘ग्लार्जिन १० युनिट, रात्री’ असं लिहितात (ग्लार्जिन म्हणजे दिवसातून एकदा घ्यायचं, चोवीस तास चालणारं इन्सुलिन) आणि पेशंट शेजारच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसतो. पहिली पाच मिनिटं कुणी काही विचारत नाही. मग एकदम सगळं बाहेर पडतं. ते प्रश्न इथे मांडले आहेत. ही उत्तरं टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांसाठी आहेत. टाइप १, गरोदरपण आणि लहान मुलं यांची गणितं वेगळी असतात. तुमचा डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. मी सांगतेय ते तो डोस अंगात नीट कसा पोचवायचा, हे.

इन्सुलिन सुरू झालं म्हणजे आपलं आता संपलंच ना?

नाही. पण हा प्रश्न येतो कुठून ते मला माहीत आहे. शेजारच्या काकांना इन्सुलिन लागलं आणि वर्षभरात त्यांचा पाय कापावा लागला, असं घराघरांत ऐकलेलं असतं. काकांची शुगर त्याआधी दहा वर्षं तीनशेच्या घरात होती, हे कुणी सांगत नाही. इन्सुलिन उशिरा आलं आणि नेमकं तेच बदनाम झालं.

टाइप २ मध्ये स्वादुपिंडातल्या बीटा पेशी हळूहळू थकत जातात. ब्रिटनमधल्या युकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात दिसलं की निदान होतं त्या दिवशीच त्यांची साधारण निम्मी ताकद गेलेली असते. म्हणजे आठ-दहा वर्षं गोळ्या घेऊन आज शुगर आवरत नसेल, तर ते तुमच्या जिलेबीचं पाप असेलच असं नाही. शरीर जे बनवायचं ते आता पुरेसं बनवत नाही, म्हणून बाहेरून द्यायचं.

मौंजारोसारखं इंजेक्शन घेतलं तर इन्सुलिन टळेल का?

कदाचित टळेलही. मौंजारो २०२५ पासून भारतात मिळतं. ते आणि सेमाग्लुटाइड ही इन्सुलिनं नव्हेत, वेगळ्या जातीची औषधं आहेत. वजन जास्त असेल आणि खर्च झेपत असेल, तर डॉक्टर आधी तीच सुचवतात. पण वजन आपोआप उतरतंय, तहान भागत नाही, रात्री चारदा उठावं लागतंय, शुगर तीनशेच्या वर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) दहाच्या पुढे गेलंय, अशा वेळी आधी इन्सुलिनच. तिथे घासाघीस करू नका.

‘चोवीस तासांचं’ म्हणजे नेमकं काय? शेजारणीचं तर जेवणाआधी असतं.

शेजारणीचं बहुधा ३०-७० वालं, म्हणजे ३० टक्के झटपट आणि ७० टक्के सावकाश चालणारं मिश्रण असेल. ते घेतल्यावर ठरावीक वेळात जेवावंच लागतं. तुमचं तसं नाही.

आपण काही खाल्लं नाही तरी लिव्हर रात्रभर रक्तात थोडी थोडी साखर सोडत असतं. रात्री दोन पोळ्या खाऊन झोपलात आणि सकाळी उपाशीपोटी शुगर १९० आली, तर ती त्या पोळ्यांची कमी आणि लिव्हरची जास्त. ही पार्श्वभूमीची साखर आवरायला जे इन्सुलिन लागतं ते बेसल, म्हणजे पायाचं इन्सुलिन. ग्लार्जिन बाटलीत आम्ल द्रावणात असतं. कातडीखाली गेलं की तिथल्या उदासीन, म्हणजे आम्ल नसलेल्या वातावरणात त्याचे बारीक कण थिजतात आणि मग ते दिवसभर हळूहळू विरघळत राहतं. मुरवणीचा पाऊस जसा जमिनीत जिरतो तसं. सरीवर सर कोसळावी तसं ते काम करत नाही. म्हणूनच ते दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एकाच सिरिंजमध्ये मिसळायचं नाही. ट्रेसिबा नावाने मिळणारं डिग्लुडेक आणखी लांब चालतं, बेचाळीस तासांच्या वर. ग्लार्जिन लँटस, बेसालॉग अशा नावांनी मिळतं. टूजिओ म्हणजेही ग्लार्जिनच, पण तिप्पट घट्ट.

हे डुकराचं किंवा गाईचं असतं का? मी माळकरी आहे.

दर महिन्याला कुणीतरी हे दबक्या आवाजात विचारतं. पूर्वी इन्सुलिन खरोखरच प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढत असत, त्यामुळे शंका चुकीची नाही. १९८२ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्याचं तंत्र बाजारात आलं आणि चित्र पालटलं. आजचं ग्लार्जिन आणि डिग्लुडेक जिवाणू किंवा यीस्ट यांच्याकडून तयार करून घेतात. माळ गळ्यात ठेवून निर्धास्त घ्या.

दहा युनिट घेतोय, दोन महिने झाले, शुगर जिथल्या तिथे. म्हणजे इन्सुलिन लागू पडत नाही का?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

दहा हा डोस नाही. दहा ही सुरुवात आहे. कुणाला किती लागेल हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांना सुरक्षित ठरेल अशा आकड्यापासून, १० युनिट किंवा वजनाच्या दर किलोला ०.१ ते ०.२ युनिट, सुरू करतात. मग सकाळची उपाशीपोटीची शुगर बघत वाढवत जायचं असतं. रूढ पद्धत अशी : तीन दिवस सकाळची शुगर लिहून ठेवायची, ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर दोन युनिट वाढवायचे, पुन्हा तीन दिवस थांबायचं. मर्यादा बहुतेकांसाठी ८० ते १३०. वय झालेले, एकटे राहणारे, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेले यांच्यासाठी डॉक्टर ती सैल ठेवतात.

पासष्ट किलोचा माणूस धरा. आज १० वर आहे. तीन दिवसांनी १२, मग १४. याच चालीने महिन्याअखेरीला तो तीसच्या आसपास पोचेल आणि तोवर सकाळची शुगर बहुधा ताब्यात आलेली असेल. त्याऐवजी तो दोन महिने दहावरच बसून राहतो, कारण चिठ्ठीवर दहा लिहिलंय आणि ‘वाढवलं तर सवय लागेल’ अशी भीती आहे. मग एक दिवस मला सांगतो, सुईही टोचून घेतली आणि काही झालंही नाही. इन्सुलिन फेल गेलं, असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची वही मी उघडते तेव्हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दहाच दहा दिसतात. ज्यांच्याकडे वहीच नाही, त्यांच्याबद्दल काय बोलावं?

म्हणून पहिल्या दिवशीच डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या : सकाळची शुगर कितीवर आणायची, किती दिवसांनी किती युनिट वाढवायचे, आणि कुठे थांबून फोन करायचा. एखाद्या दिवशी ७० च्या खाली गेलात आणि कारण सापडलं नाही, तर वाढवणं बंद. डोस साधारण १० ते २० टक्के उतरवायचा आणि कळवायचं.

वाढवण्यालाही अंत आहे. दर किलोला अर्ध्या युनिटच्या पुढे गेलात, म्हणजे आपल्या पासष्ट किलोवाल्याचे बत्तीसेक युनिट झाले, तरी एचबीए१सी उतरत नसेल तर अडचण जेवणानंतरच्या शुगरची असते. रात्री झोपताना २२० आणि सकाळी १२० असा मोठा उतार रोज दिसत असेल, तर बेसल जास्त होतंय आणि जेवणाचं काम ते करू शकत नाही, असं समजा. तिथे वेगळं औषध जोडावं लागतं. चाळीस, पन्नास, साठ असं ढकलत नेणं चूक.

शुगर मोजताना रोज वेगळीच येते. मशीन बिघडलंय का?

हात धुतले होते का? मे महिन्यात एक आजी सकाळची शुगर ३१२ लिहून घेऊन आल्या. आदल्या दिवशी १३४. नातवाला आंबा चिरून दिला होता आणि बोट पदराला पुसून टोचलं होतं. साबणाने हात धुवून, कोरडे करून पुन्हा बघितलं तर १४१. त्या ३१२ वर त्यांनी डोस वाढवला असता तर?

किती वाजता घ्यायचं? घेतल्यावर जेवावं लागतं?

वेळ कुठलीही चालते, पण रोज तीच. बहुतेक जण रात्री दहा धरतात, कारण मालिका संपते आणि आठवण राहते. रात्री विसरत असाल किंवा शिफ्टचं काम असेल, तर सकाळी चहाच्या वेळेला घ्या, फक्त आधी डॉक्टरांना सांगून. जेवणाशी त्याचा संबंध नाही. घेऊन थेट झोपलात तरी हरकत नाही.

पेन कसं चालवायचं? दुकानदाराने घाईत दाखवलं.

पेनवर नवी सुई फिरवून बसवा. आकडा २ वर आणा, सुई वर धरा, बटण दाबा. टोकावर थेंब दिसला पाहिजे. दिसला नाही तर पुन्हा. लोक हे दोन युनिट वाया जातात म्हणून टाळतात आणि मग कधी कधी हवाच टोचून घेतात. थेंब दिसल्यावर तुमचा आकडा लावा, सुई सरळ उभी टोचा, बटण शून्यापर्यंत दाबा आणि लगेच ओढून काढू नका. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. सुई काढल्यावर कातडीवर पाण्यासारखा थेंब ओघळला तर मोजणं घाईत झालं, असं समजायचं. चोळायचं नाही.

जागा : पोट, बेंबीपासून दोन बोटं सोडून, किंवा मांडीची बाहेरची बाजू. साडीवरून, सदऱ्यावरून टोचू नका. चार मिलिमीटरची सुई असेल तर चिमूट धरायचीही गरज नसते.

जागा रोज बदला. एकाच ठिकाणी टोचत राहिलात की तिथे कातडीखाली चरबीची मऊ गाठ होते. त्या गाठीत टोचलेलं दुखत नाही, म्हणून हात आपोआप तिथेच जातो. आणि तिथून इन्सुलिन धड शोषलं जात नाही. एका शिक्षकांचा डोस चाळीसपर्यंत गेला होता. मी बेंबीच्या डावीकडे हात फिरवला तर लिंबाएवढी गाठ. जागा बदलली आणि डॉक्टरांनी डोस उतरवला. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागल्यावर जुनाच डोस एकदम भारी पडतो, म्हणून हे सांगितल्याशिवाय करू नका.

झाल्यावर सुई काढून ठेवा. पेनला लावून ठेवली तर आत हवा जाते आणि औषध गळतं. सुई कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे एकदाच वापरायची असते. प्रत्यक्षात लोक एक सुई चार-पाच दिवस चालवतात, मला ठाऊक आहे, आणि महिन्याचा खर्च बघता मी कुणावर डोळे वटारत नाही. पण टोक वाकलेलं, बोथट झालेलं तुम्हालाच जाणवतं. टोचताना ओढ लागली की ती सुई संपली.

आणि एक ताकीद. नवरा-बायको दोघांना मधुमेह, दोघांचं ग्लार्जिन, म्हणून एकच पेन, सुया मात्र वेगळ्या. हे अजिबात नको. टोचताना रक्ताचा अंश सुईतून मागे कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पेनातल्या औषधाच्या नळीत, जाऊ शकतो. नुसती सुई बदलून ते थांबत नाही.

पेन महाग पडतं. कुपी आणि सिरिंज चालेल का?

चालेल, पण इथे चुकीला जागा मोठी आहे.

आपल्याकडे दोन ताकदीचं इन्सुलिन मिळतं. जुन्या साध्या इन्सुलिनच्या कुप्या बहुतेक एका मिलिलिटरला ४० युनिटच्या. ग्लार्जिन मात्र १०० युनिटचं. सिरिंजही दोन. ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. अंधूक उजेडात लाल आणि केशरी सारखेच दिसतात. ग्लार्जिनची कुपी आणि हाताला लागलेली लाल टोपणाची सिरिंज, त्यात १० च्या रेघेपर्यंत भरलंत, तर अंगात जातात २५ युनिट. उलट ४० च्या कुपीला केशरी सिरिंज लावली तर १० च्या जागी जातात फक्त ४.

अशा चुकीनंतर पहाटे घामाघूम झालेल्या, नाव विचारलं तर न सांगू शकणाऱ्या माणसाला घरचे घेऊन आलेले मी पाहिलेत. बाटलीही बरोबर होती आणि हिशेबही. सिरिंज तेवढी दुसऱ्याची होती. तेव्हा दुकानातून बाहेर पडण्याआधी कुपीवरचा १०० आणि सिरिंजवरचा १०० बोट ठेवून वाचा. घरात दोन्ही प्रकारची इन्सुलिनं असतील तर डबे वेगळे ठेवा. टूजिओ कधीही सिरिंजमध्ये ओढू नका, कारण त्याच्यासाठी कुठलीच सिरिंज बरोबर नाही.

ग्लार्जिनचा २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश झाला आहे, त्यामुळे त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा असते. एकाच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतीत फरक पडतो, तो विचारायला लाजू नका. मात्र कंपनी बदलताना डॉक्टरांना सांगा आणि पेन तेच चालतं का ते बघा. एका कंपनीचं कार्ट्रिज दुसऱ्याच्या पेनात जबरदस्तीने बसवू नका.

दुखतं का?

“मले तं सुई पाहूनच घाम येते,” असं म्हणणारे गडी पहिली सुई टोचून झाल्यावर “झालं?” असं विचारतात. बोट टोचून शुगर बघणं याहून जास्त दुखतं. पेन फ्रिजमधून काढून लगेच टोचलं तर मात्र झोंबतं.

गोळ्या बंद करायच्या का?

स्वतःच्या मनाने कुठलीही नाही. मेटफॉर्मिन बहुधा चालूच राहते. ग्लिमेपिराइड शुगर खाली ओढते, म्हणून डॉक्टर ती कमी करतील किंवा काढतील. पायोग्लिटाझोन घेत असाल आणि पायाला सूज आली किंवा धाप लागली तर लगेच सांगा. इन्सुलिनसोबत तिच्याने अंगात पाणी साठू शकतं.

शुगर एकदम खाली गेली तर?

हात थरथरणं, घाम, धडधड, कडकडून भूक, उगाच चिडचिड. बायको म्हणते, “हे आज असे का बोलतायत?” तेव्हा आधी शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्ध्या पेल्या पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. वर आल्यावर पोळी, पोहे, जे असेल ते खा. चॉकलेट, पेढा, बर्फी यांत तूप-चरबी असते, त्याने साखर चढायला वेळ लागतो.

गोळ्यांच्या पानावर ‘व्होग्लिबोज’ किंवा ‘अकार्बोज’ हे शब्द आहेत का बघा. आपल्याकडे व्होग्लिबोज सर्रास देतात, कित्येकदा मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड यांच्यासोबत एकाच गोळीत. ही औषधं आतड्यात साखर फोडू देत नाहीत, त्यामुळे अशा वेळी साधी साखर खाल्ली तरी शुगर पटकन वर येत नाही. त्यांनी घरात ग्लुकोज पावडरच ठेवायची. एक पुडी उशाशी आणि एक गाडीच्या डिकीत. हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

फक्त बेसल घेणाऱ्यांमध्ये हे रोजचं संकट नाही. बऱ्याच जणांना वर्षात एकदाही होत नाही. पण पहाटे वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड, उशी ओली असं वारंवार घडत असेल तर एकदा रात्री तीनचा गजर लावून शुगर बघा. सकाळची शुगर जास्त आली म्हणून सरळ डोस वाढवण्याआधी ही एक रात्र मोडलेली बरी.

डोस विसरलो तर?

दोन-चार तासांत आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीच्या वेळी नेहमीएवढंच. दुप्पट कधीच नाही. डिग्लुडेकमध्ये दोन डोसांत किमान आठ तासांचं अंतर ठेवायचं असतं. ‘घेतलं की नाही घेतलं’ याचीच शंका असेल तर घेऊ नका. एक दिवस शुगर जास्त राहिली तर चालते, दोनदा घेतलेलं चालत नाही. कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, एक टिक करा.

अकोल्याच्या उन्हाळ्यात हे टिकतं का? लाइट गेली तर?

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. दारातला कप्पा किंवा मधली फळी. बर्फाच्या कप्प्यात नाही, त्याच्या खालच्या ट्रेमध्येही नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला छान दिसतं, पण कामाचं राहत नाही. टाकून द्या.

वापरात घेतलेलं ग्लार्जिन ३० अंशांच्या आत २८ दिवस टिकतं, डिग्लुडेक ५६ दिवस. पेनवर उघडल्याची तारीख लिहा. तीनशे युनिटचं कार्ट्रिज, रोज १० अधिक तपासणीचे २ असे गेले तर पंचवीस दिवसांत संपतंच.

आता ‘३० अंशांच्या आत’ हे वाक्य मे महिन्यात अकोल्यात बसून वाचा. पारा ४५ वर, खोलीत पस्तिसाच्या पुढे. फ्रिज असेल तर चालू पेन सुई काढून त्यातच ठेवा आणि टोचायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. फ्रिज नसेल किंवा वीज दिवसदिवस जात असेल तर मडकं. पसरट मातीच्या भांड्यात वाळू, वाळू भिजेल एवढं पाणी, त्यात छोटं मडकं, आत घट्ट झाकणाच्या डबीत इन्सुलिन, वरून ओलं फडकं. सावलीत आणि वारा लागेल असं ठेवायचं आणि वाळू सुकू द्यायची नाही. आपल्या कूलरचंच तत्त्व आहे. पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे छान चालतं. रत्नागिरीच्या दमट हवेत तेवढं नाही, तिकडच्या नातेवाइकांना हा उपाय डोळे मिटून सांगू नका.

बंद गाडीत, स्कूटीच्या डिकीत, देवघराच्या दिव्याशेजारी ठेवलेलं इन्सुलिन मी पाहिलं आहे. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. गढूळ, पिवळसर किंवा तरंगणारे कण दिसले तर वापरू नका. मात्र उष्णतेने खराब झालेलं इन्सुलिन बरेचदा स्वच्छच दिसतं. कारण नसताना चार दिवस शुगर चढली तर पेन बदलून बघा.

उपवासाला काय?

एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपलं खरं दुखणं. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, राजगिऱ्याचा लाडू. यात शुगर खाली जाण्याची भीती कमी, चढण्याची जास्त. अशा दिवशी बेसल बंद करण्याचं काहीच कारण नाही. भगर, दाण्याची आमटी, ताक, काकडी यांवर भर द्या. साबुदाणा चाखण्यापुरता.

निर्जळी उपवास वेगळा. तो करायचा असेल तर आठ दिवस आधी या, डोस आणि विशेषतः ग्लिमेपिराइडचं ठरवू. रमजानात रोजे ठेवणाऱ्यांसाठी बेसल साधारण १५ ते ३० टक्के कमी करून इफ्तारच्या वेळी देतात. रोजा चालू असताना बोट टोचून शुगर बघितली तर रोजा मोडत नाही, हे बहुतेक मौलवीसाहेबही सांगतात. ७० च्या खाली गेली तर मात्र रोजा सोडायचा, उपवासही सोडायचा.

वारीला जायचंय.

जा की. शेगावची पालखी महिनाभराहून जास्त चालते. रोज एवढं चालणं म्हणजे इन्सुलिनची गरज उतरणार, म्हणून निघण्याआधी डोस ठरवून घ्या आणि पहिला आठवडा शुगर जास्त वेळा बघा. पेन ओल्या फडक्यात गुंडाळून झोळीच्या मधोमध. वाटेत कुणी ना कुणी बुंदी, केळं, चहा हातावर ठेवतंच, त्याला नाही म्हणणं मला जमत नाही, तर तुम्हाला काय सांगू? पायांचं मात्र रोज रात्री बघा. मोजे घाला, फोड आला तर फोडू नका, अनवाणी चालू नका. विमानाने मुलाकडे जात असाल तर इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. सोबत चिठ्ठी असू द्या.

याने किडनी जाते का? डोळे?

किडनीची गोष्ट उलटी आहे. किडनी खराब झाली की बऱ्याच गोळ्या बंद कराव्या लागतात आणि मग इन्सुलिन देतात. बघणाऱ्याला वाटतं, इन्सुलिन आलं आणि किडनी गेली. किडनी कमकुवत असेल तर इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं, डोस कमी लागतो, एवढंच. हृदय आणि कॅन्सर यांबद्दल विचाराल, तर साडेबारा हजारांवर लोकांना सहा वर्षं बघणारा ‘ओरिजिन’ अभ्यास २०१२ मध्ये आला. ग्लार्जिन घेणाऱ्यांमध्ये यांतलं काही वाढलेलं दिसलं नाही.

डोळ्यांचं थोडं खरं आहे. पडद्यावर आधीच मधुमेहाचे बदल असतील आणि शुगर फार वेगाने उतरली तर ते काही काळ वाढू शकतात. म्हणून सुरू करतानाच पडद्याची तपासणी करून घ्या. नुसतं धूसर दिसत असेल तर ते बरेचदा डोळ्याच्या भिंगातल्या पाण्याचं असतं आणि काही आठवड्यांत बसतं. तोवर नवा चष्मा करू नका, पैसे जातील.

वजन वाढेल का?

दोन-तीन किलो वाढू शकतं. लघवीतून जी साखर वाहून जात होती ती आता अंगी लागते. शुगर खाली जाईल या भीतीने झोपताना बिस्किटं खाण्याची सवय लागली तर आणखी वाढेल. रोज खावं लागत असेल तर डोस जास्त आहे, तो कमी करून घ्या.

ताप आला, जेवण जात नाही. इन्सुलिन सोडू का?

नाही. तापात शुगर उलट चढते. इन्सुलिन चालू ठेवा, चार-सहा तासांनी शुगर बघा, पेज, ताक, पाणी घेत राहा आणि फोन करा. उलट्या-जुलाब असतील तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन (लघवीतून साखर बाहेर काढणारी गोळी) मात्र तात्पुरतं थांबवायला सांगतात, म्हणूनच तो फोन.

एकदा लागलं की कायमचं?

प्रत्येकाचं नाही. ऑपरेशन, मोठा आजार किंवा स्टेरॉइडमुळे लागलं असेल तर सुटतं. नुकतंच निदान झालेल्यांचं, सुरुवातीची चढलेली शुगर उतरल्यावर, काही महिन्यांत सुटलेलं मी पाहिलंय. पंधरा वर्षांच्या मधुमेहात बहुधा राहतं. ते व्यसन नव्हे, शरीर स्वतःच जे बनवतं त्याचंच थोडं बदललेलं रूप आहे. बंद करायचं का हे वही बघून डॉक्टर ठरवतील. ‘नातीच्या लग्नापुरतं बंद ठेवलं’ असं करू नका.

वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या?

ओल्या कचऱ्यात नाही आणि सुक्यातही नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, म्हणजे वेगळ्या द्यायच्या. फिनाइलची जाड प्लॅस्टिकची बाटली घ्या, सुई काढली की आत टाका, बूच लावा. भरत आली की चिकटपट्टी गुंडाळा, वर मोठ्या अक्षरांत ‘सुया’ लिहा आणि क्लिनिकमध्ये आणून द्या. आमच्याकडे दाराशेजारी पिवळा डबा आहे. पातळ पिशवीतून आलेली सुई घंटागाडीवरच्या बाईंच्या हातात घुसली होती गेल्या पावसाळ्यात. त्यांचा हातमोजा कापडी होता.